काठ धर, बाबू

उजवा हात पुढे करायचा, हवेतलं काहीतरी मुठीत धरल्यासारखं करायचं, आणि ती मूठ छातीकडे ओढत म्हणायचं, "काठ धर, बाबू. काठ धर." अहेरीच्या बाजारात मासळीच्या ओळीत तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हा हात तुम्हीही पाहिला असेल. वल्हं ओढल्याची ती खूण होती. मासळीवाल्या मावशीला डोंगा, म्हणजे नदीतली होडी, चालवणं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण हाताला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

नवरा-बायको भांडत समोरून चालले की ही बायकोला हाक मारणार, "काठ धर वं बाई, आता वारा हाय." हवालदाराशी हुज्जत घालणाऱ्या पोराला, "काठ धर." एकदा माझं शेजारच्या चहावाल्याशी वाजलं. त्याने त्याचा बोर्ड बरोबर माझ्या दुकानाच्या दारासमोर आणून ठेवला होता आणि मी काही ऐकून घेणाऱ्यातला नाही. ही मासळीची टोपली डोक्यावर घेऊन मधेच उभी राहिली आणि हात केला. मी तिच्यावरच खेकसलो, "मावशी, इथं पाणी कुठं आहे काठ धरायला?"

"तोंडातून फेस येऊन राह्यला ना तुह्या," ती म्हणाली. "पाणी असनच जवळपास."

चहावाला हसला, मग मलाही हसू आलं, आणि बोर्ड सरकला.

मी मूळचा वरोऱ्याचा. कापूस, सोयाबीन आणि धूळ, एवढ्यात वाढलेला माणूस. पाणी म्हटलं की विहीर. अहेरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं तेव्हा प्राणहिता पहिल्यांदा जवळून पाहिली आणि मनात म्हटलं, एवढं पाणी वाहून जातं आणि आमच्याकडे टँकर येतो, काय न्याय आहे हा! मावशी याच नदीच्या काठची, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची. नवऱ्याबरोबर डोंगा चालवायची. अल्याडचे लोक पल्याड, पल्याडचे अल्याड. पल्याड सगळी तेलुगू बोलणारी माणसं, त्यामुळे तिला दोन्ही भाषांत भांडता येई. पुढे पूल झाला, लोक मोटारसायकलवरून पलीकडे जायला लागले, आणि मावशी वाळलेले झिंगे आणि ताजी मरळ घेऊन बाजारात बसायला लागली.

काठ धरण्याचं तिचं एवढं काय होतं, ते मला तिनेच सांगितलं, मासा खवलता खवलता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. आभाळ भरून आलं होतं. डोंग्यात पल्याडची माणसं होती, घरी जायची घाई करत होती. ही नवऱ्याला म्हणाली, आता नको, काठाशीच राहू, वारा पडू दे. तो म्हणाला, एवढ्यात जाऊन येतो. माणसं पोचली. तो एकटा परत येत होता, तेव्हा नदीच्या मधोमध वाऱ्याने डोंगा उलटवला.

"एक वेळ ऐकलं नाई त्यानं माहं," ती म्हणाली, आणि पुढच्या माशाला हात घातला.

तेव्हा तिचा मुलगा पाचवी-सहावीत होता. एकच मुलगा. त्याला तिने नदीपासून लांब ठेवायचं ठरवलं आणि शाळेत घातलं. आणि बघा माणसाचं नशीब! त्या पोट्ट्याने बारावी केली, कुठून तरी खलाशाच्या शिक्षणाची माहिती काढली, मुंबईच्या एका एजंटाच्या मागे लागला आणि थेट समुद्रावर गेला. तोही असा-तसा समुद्र नाही. नकाशात जपान शोधा, तिथून बोट खाली आणा, जिथे नुसती निळाई आणि माशी बसल्यासारखे ठिपके दिसतात ती बेटं. गुआम, याप, पलाऊ. त्या बेटांना तांदूळ, सिमेंट, डबाबंद मासे पुरवणारं एक लहानसं मालवाहू जहाज होतं, त्यावर हा डेकवरचा खलाशी.

"मासे डब्यात?" मावशीला सगळ्यात जास्त धक्का त्याचाच बसला. "समुद्रात राहून डब्यातले मासे खातेत? येडे हायेत का लोक!"

पोरगा गेला त्याच्या पुढच्या बाजाराला ती माझ्या दुकानात आली. पळसाच्या पानात झिंगे बांधून आणले होते, ते सरळ माझ्या कीबोर्डशेजारी ठेवले. म्हणाली, "बाबू, तुह्या मशिनीत सगळ्या जगाचं दिसते म्हणते. माह्या पोट्ट्याकडचं वारं पाह्य बरं." मी चिडलो. गिऱ्हाईक उभं होतं, झिंग्यांचा वास पार छताला लागला होता. पण शोधलं. त्या बेटांच्या हवामानाचं पान निघालं, इंग्रजीत, अगदी सविस्तर. वारा कुठला, पाऊस किती, लाटा किती फूट, कुठल्या किनाऱ्यावर पाण्याला ओढ आहे, लहान बोटींनी निघावं की निघू नये.

तेव्हापासून तो नेमच झाला. सकाळी शटर वर गेलं की मावशी हजर. "लाटा किती?" हा पहिला प्रश्न. मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो, तेही माझ्या वरोऱ्याच्या अकलेने. पूर्वेचा वारा, बरा जोर आहे. लाटा सहा ते आठ फूट. मधूनमधून सरी. लाटांची उंची ती आपल्या अंगावर मोजायची, एक हात डोक्याच्या वर नेऊन. "म्हंजे माह्या वरून जाईन." मग त्याच हाताने डोळे पुसायची. मी म्हणायचो, मावशी, जहाज तीन मजली आहे, त्याच्या वरून नाही जात. तिला ते पटायचं, दुसऱ्या सकाळपर्यंत.

तिचे प्रश्नही एकेक. बेट म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. प्राणहितेतही बेटं आहेत, उन्हाळ्यात लोक त्यावर टरबुजं लावतात. म्हणून तिने विचारलं, "पावसाळ्यात बुडतेत का ते?" मी म्हटलं, नाही, त्यावर गावं आहेत, विमानतळ आहेत. तिकडे आपल्याआधी सकाळ होते हे सांगितलं, तर म्हणाली, "मंग तू मले जे सांगतो ते वारं त्याले लागून गेलं असन ना? आधी सांगत जा न!"

एक गोष्ट तेव्हा नुसतीच वाचली जायची. त्या पानावर इशारे असायचे, आणि ते बहुतेक वेळा किनाऱ्याचेच असायचे. पूर्वेकडच्या खडकांवर मोठ्या लाटा फुटताहेत, पाण्यात उतरू नका, धक्क्यावर उभे राहू नका. मावशी मान डोलवायची. "लोक काठावरून पाण्यात उतरतेत, त्याले काठ काय करन?" मलाही ते बरोबर वाटायचं. आम्हा दोघांना समुद्राबद्दल सारखंच कळत होतं, म्हणजे काहीच नाही. फरक इतकाच की तिला नदी कळत होती.

दुसऱ्या खेपेला पोराच्या कराराची मुदत संपत आली तेव्हाची गोष्ट. तो गुआमला उतरणार, तिथून विमानाने दिल्ली किंवा मुंबई, मग नागपूर, मग घर. मावशीने घराला चुना लावला. मला चार वेळा विचारलं की नागपूरहून येणारी बस अहेरीत कुठे थांबते. आयुष्य इथे गेलंय बाईचं, पण विचारत होती.

त्याच आठवड्यात पानाचा रंग बदलला. दक्षिण-पूर्वेला वाऱ्याचा एक भोवरा धरू लागला होता. आज कमी दाबाचा पट्टा, उद्या वादळ, परवा मोठं वादळ, आणि त्याच्या वाटेची रेघ सरळ त्या बेटावरून जाणारी. मी मावशीला तो नकाशा दाखवला. तिने रेघेवर बोट ठेवलं आणि बोट काढायलाच तयार होईना.

पोराचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर आला. तिचा फोन साधा होता. मागे करडं आभाळ दिसत होतं, तो वाऱ्यावर ओरडून बोलत होता. विमानं बंद झालीत. त्याच्या जागी येणारा माणूस पोचलाच नाही. कप्तान जहाज बंदरातून बाहेर काढतोय, समुद्रात. "मले म्हणे तुहा करार संपला, पाहिजे तं इथंच खलाश्यायच्या वसतिगृहात थांब, नाई तं चल. काय करू, आई?"

विचारलं त्याने. मुलं विचारतात ना, आपलं ठरलेलं असलं तरी विचारतात, तसं असेल. पण मावशीचा हात फोनकडे गेला आणि मूठ छातीशी आली.

"काठ धर. ऐकलं का? वाऱ्यात पाण्यात जाऊ नको, बाप्पा. माही आन हाय तुले, काठ धर."

"हो आई. थांबतो."

"सांग माह्या आनेनं."

"तुही आन. थांबतो."

मावशीने मला फोन परत दिला. ती चक्क हसली. त्या दिवशी तिने मरळ विकली नाही, माझ्या घरी पाठवून दिली.

वादळ त्या बेटावरूनच गेलं. दुसऱ्या दिवशी फोन लागेना. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. टॉवर पडले असतील, मी म्हटलं, वीज नसेल. ते खरंच होतं. मग फोटो यायला लागले. बंदराची भिंत फुटलेली, रस्त्यावर उलट्या पडलेल्या बोटी, छपरं उडालेल्या इमारती. मी मॉनिटर भिंतीकडे वळवला. ती म्हणाली, "दाखव." मी म्हटलं, नेट नाही. ती म्हणाली, "तुह्या तोंडावर हाय ना नेट. दाखव."

दाखवलं. तिने एकेक फोटो पाहिला. उलट्या पडलेल्या एका बोटीपाशी थांबली आणि विचारलं, "हे काठावर हाय?" मी हो म्हटलं. "पाणी इथपर्यंत आलं?" मी हो म्हटलं. मग तिने विचारायचं बंद केलं.

मी मुंबईच्या एजंटाला फोन लावला. माझा राग तुम्हाला माहीत झालाच आहे, मी त्याला बरंच ऐकवलं. तो बिचारा सरळ माणूस निघाला. म्हणाला, "जहाज सुखरूप आहे, साहेब. खोल समुद्रात निघून गेलं होतं, काही झालं नाही. बंदर साफ होईपर्यंत बाहेरच थांबेल." मी फोन स्पीकरवर टाकला होता. मावशीच्या चेहऱ्यावर जीव आला. तेवढ्यात तो पुढे बोलला, "पण तुमचा मुलगा आमच्या यादीत उतरलेला दिसतो. त्याचा करार संपलाय, तो जहाजाच्या माणसांत नाही. किनाऱ्यावरची खबर आम्हालाही नाही."

म्हणजे जे पाण्यात गेले ते वाचले होते. मी मावशीकडे बघू शकलो नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगताही येणार नाही. ती बाजारात यायची, टोपली पुढ्यात ठेवायची आणि मासे विकायची विसरायची. माशा बसत. शेजारच्या बाया तिची टोपली झाकून ठेवत. सकाळी माझ्या दुकानात यायची पण "लाटा किती" विचारायची नाही, पायरीवर बसून राहायची. एकदा म्हणाली, "तो जाऊन राह्यला होता बाबू. मीच थांबवलं." मी म्हटलं, मावशी, तुला काय ठाऊक होतं? मला तरी काय ठाऊक होतं? "तुले नसन," ती म्हणाली. "तू कोरड्यातला. मी पाण्यातली हावो."



बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. मी "हॅलो" म्हटलं आणि तिकडून, "भाऊ, आई हाय का तिथी?" मी दुकान उघडं टाकून पळालो. मासळीच्या ओळीत पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, बोलता येत नव्हतं, मी नुसता फोन तिच्या कानाला लावला.

आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं, कारण मी स्पीकर लावला होता आणि पोरगा ओरडूनच बोलत होता. "आई, मी जहाजावरच होतो वं. माणूस कमी होता. कप्तान म्हणे, वादळात जहाज धक्क्याशी ठेवलं तं आपटून फुटते, खोल पाण्यातच बरं असते. तुले सांगतलं असतं तं तू जेवली नसती. म्हणून खोटं बोललो. आता बंदर उघडलं, आताच आलो."

"तू काठ धरला नाई?"

"नाई, आई."

"माही आन घेतली होती ना?"

"घेतली होती, आई."

"बरं केलं," मावशी म्हणाली. "लय बरं केलं रे, बाप्पा. माहं ऐकलं नाई, लय बरं केलं." आणि माशांच्या पाण्याने ओले झालेले दोन्ही हात तोंडावर घेऊन ती मोठमोठ्याने रडली. मासळीची अख्खी ओळ रडली. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. चहावाल्याने सगळ्यांना चहा पाजला, मी त्याचा बोर्ड पुन्हा कधी हलवायला सांगितला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पोरगा आला, महिनाभर राहिला, परत गेला. पण मावशी बदलली. तिचा हात थांबला. दोन बाया जागेवरून भांडत होत्या तेव्हा सवयीने एकीने मावशीकडे पाहिलं. मावशी खाली मान घालून मासा खवलत राहिली. कोणी काही विचारायला आलं तर म्हणायची, "मले काय माहीत? तुले दिसते तसं कर."

मी एकदा तिला छेडलं. "मावशी, काय झालं? काठ सोडला का?"

तिने कोयता बाजूला ठेवला. "त्याच्या बापानं माहं ऐकलं नाई म्हणून गेला. पोट्ट्यानं ऐकलं नाई म्हणून राह्यला. मंग माह्या बोलण्याचं काय राह्यलं, सांग?"

मी वरोऱ्याचा माणूस, विहिरीच्या पाण्यावर वाढलेला. मी म्हटलं, चहा घे.

पण सकाळचा नेम तिने परत सुरू केला. "लाटा किती?" मी सांगायचो. फक्त आता ती दुसरंही विचारायची, "जहाज कुठी हाय?" मी बंदरात म्हटलं की कपाळाला आठी. बेटांच्या मधे, समुद्रात आहे म्हटलं की टोपली उचलून जायची.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज आली, मग धाप लागायला लागली. बाजारातल्या बायांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलवायचं तर आता बोलवा. मी खाटेशी बसलो आणि म्हटलं, "मावशी, पोराला कळवतो. एजंट म्हणतो, पुढच्या बंदरात उतरवून देऊ."

ती बराच वेळ श्वास गोळा करत होती. "तिकडं आता वाऱ्याचे दिवस हायेत ना?"

"हो."

"बंदरात उतरन म्हंजे काठावरच ना?"

मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे मावशी, विमान मिळालं की निघेल. काही होत नाही.

"नको," ती म्हणाली. "नको बोलावू. खोल पाण्यात हाय तो, बरा हाय."

मी बोलावलं नाही. बरोबर केलं की चूक, माझ्याशी भांडायला या, मी दुकानातच असतो. ती दुसऱ्या दिवशी गेली. तिकडे त्या दिवशी लाटा पाच ते सात फूट होत्या आणि वादळ कुठेच नव्हतं.

मुलगा आला तो दिवाळीनंतर. काळा पडलेला, बापासारखा रुंद खांद्यांचा. माझ्या दुकानाच्या पायरीवर, आई बसायची तिथेच बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "भाऊ, तिनं शेवटी काही सांगतलं का माह्यासाठी?"

मला शब्द आठवत होते. पण शब्दांच्या नंतरही काहीतरी होतं. खाटेवर तिने उजवा हात उचलला होता. मला वाटलं, आता मूठ छातीकडे येणार, जुनी सवय. पण मूठ आधीच छातीशी होती. ती तिने हळूहळू पुढे नेली, लांब, हात पुरेल तितकी लांब, आणि उघडली.

मी पोराला बोलून काही सांगितलं नाही. मी माझा हात छातीशी धरला आणि तसाच पुढे नेऊन उघडला. आईबापाचं वल्हं बघत वाढलेला पोरगा तो, त्याला कळलं.